न दिसणाऱ्या पक्ष्याचा इतिहास : भामरागड, बांधी आणि तापस

आजच्या भागात आपण जाणार आहोत गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी टोकाला, भामरागडला. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या इथं एकत्र येतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि गावाचा जगाशी संबंध तुटतो. ही बातमी तुम्ही कित्येक पावसाळ्यांत वाचली असेल.

पण आज पुराची गोष्ट नाही. पूर ओसरल्यावर मागं जे उरतं, त्याची आहे. नदीकाठची दलदल, डबकी, गावाजवळची बोडी आणि धानाच्या बांधी. झाडीपट्टीत भाताच्या खाचराला बांधी म्हणतात, हे आपल्या पश्चिमेकडच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. कल्पना करा, तुम्ही बांधीच्या धुऱ्यावरून चालताय. दोन हातांवर एक पक्षी उभा आहे. कोंबडीपेक्षा लहान, अंगावर उभ्या रेषा, चोच सरळ आभाळाकडं. तुम्ही त्याच्याकडे बघताय, आणि तरी तुम्हाला तो दिसत नाही. वाऱ्यानं धान हललं की तोही तसाच हलतो. हा तापस.

बगळ्याच्याच कुळातला हा. आपल्याकडे पिवळा तापस, काळा तापस आणि दालचिनीच्या रंगाचा लालसर तापस असे प्रकार आढळतात. मोठा तापस हिवाळी पाहुणा, पण क्वचितच दिसणारा. बगळा उघड्यावर उभा राहतो. तापस गवतात राहतो. चोच वर केली तरी डोळ्यांची ठेवण अशी, की चोचीच्या दोन्ही बाजूंनी त्याला समोरचं दिसत राहतं. म्हणजे तुम्ही त्याला शोधताय आणि तो तुमच्याकडे टक लावून बघतोय!

आता भाषेची गंमत बघा. बगळा पाण्यात स्तब्ध उभा राहिला तर आपण त्याला ढोंगी ठरवलं. बकध्यान, बगळाभगत. पंचतंत्रातला बगळासुद्धा माशांना फसवणाराच. आणि त्याच्याच भाऊबंदाला, तेवढ्याच स्तब्धपणे उभं राहण्याबद्दल, आपण तापस म्हटलं. तप करणारा! दोघंही मासा आणि बेडूकच शोधताहेत. शेजारी झुडपात शिरणारी ती पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, तिचं तर नावच लाजरी पाणकोंबडी. तेव्हा या पक्ष्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं असं म्हणता येणार नाही. कुणीतरी बारकाईनं बघितलं, म्हणून तर ही नावं पडली.

मग प्रश्न असा, की बघणारे कोण होते?

पुस्तकी इतिहास विचाराल तर तो साहेबांपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम ब्लॅनफर्ड नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ या भागात फिरला. काम होतं खडकांचं, पण पक्ष्यांच्या नोंदीही करायचा. भामरागडच्या दक्षिणेला, जिथं प्राणहिता गोदावरीला मिळते त्या सिरोंचाजवळ त्यानं एका पक्ष्याची नोंद केली. जेर्डनचा धाविक. हा दलदलीतला नाही, काटेरी झुडपांच्या माळावरचा. पण लाजाळूपणात तापसाच्या तोडीस तोड, आणि वर रात्री फिरणारा. म्हणून त्याची गोष्ट इथं सांगायलाच हवी. 1848 मध्ये तो शास्त्राला माहीत झाला. 1900 नंतर त्याची खात्रीची नोंदच नाही. पुस्तकांनी तो संपला असं जवळजवळ धरून टाकलं होतं. आणि 1986 मध्ये आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा सापडला! बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भारत भूषण शोध घेत होते, पण पक्षी प्रत्यक्ष हाती लागला तो तिथल्याच एका गावकऱ्याच्या. रात्री रानात फिरणाऱ्या माणसाच्या.

शहाऐंशी वर्षं. एवढा काळ पक्षी रानात होताच. नोंद ठेवणारे आणि रानात राहणारे यांची गाठ तेवढी पडली नव्हती.

आपल्या मराठीत ही गाठ ज्यांनी घालून दिली, ते मारुती चितमपल्ली. 1932 मध्ये सोलापुरात जन्म, कोइमतूरला वनशिक्षण, मग महाराष्ट्राच्या वनखात्यात तीन तपांची नोकरी. भामरागडच्या उत्तरेला, आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला ते होते, तेव्हा त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. गावचे पाटील, पण तळ्यावरचे पक्षी, झाडं, जनावरं यांची जाण अशी, की अधिकारी शिष्य झाला! चितमपल्लींनी हे ऋण लपवलं नाही, पानोपानी लिहून ठेवलं. कोहळी, गोंड, ढीवर लोकांकडून त्यांनी शब्द गोळा केले. जिथं शब्द नव्हता तिथं नवा घडवला. बगळे जिथं एकत्र घरटी करतात त्या जागेला त्यांनी सारंगागार म्हटलं. ‘पक्षिकोश’ उभा राहिला तो अशा वेचणीतून. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले.

आता ज्या तळ्यावर हे घडलं, त्याचाही इतिहास बघू, कारण तापसाचं घर त्यातच आहे. नवेगावचा बांध निसर्गानं केलेला नाही. तो कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून लोकांनी हजारो तळी बांधली. मातीची पाळ, खाली बांध्या, पाणी वाटायचे ठरलेले नियम. पाळीच्या बाजूला पाणी खोल. पण वरच्या अंगाला ते पसरत पसरत उथळ होत जातं. तिथं लव्हाळं, पाणकणीस, देवधान उगवतं. ना धड जमीन, ना धड पाणी. माणसानं तळं बांधलं धानासाठी, आणि हा काठ आपसूक तापसाला, पाणलाव्याला, पाणकोंबडीला मिळाला.

1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली. जमीनदारी जाणं न्यायाचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण तळी सरकारकडे गेली आणि त्यांची नावंही बदलली : ‘माजी मालगुजारी तलाव’. दरवर्षी पाळीवर माती टाकणं, गाळ काढणं ही कामं गावाची होती. ती हळूहळू कुणाचीच राहिली नाहीत. गाळ साचला, बेशरम माजली. आणि आता दुरुस्ती होते, तेव्हा कधी उलटं टोक गाठलं जातं. सगळा काठ खरवडून दगड लावायचे, वर फिरायला रस्ता. त्याला नाव सौंदर्यीकरण. तळं साफ दिसतं, आणि तापसाला उभं राहायला एक काडी उरत नाही. गाळ काढू नका, असं मी म्हणत नाही. उथळ बाजूचं गवत तेवढं राहू द्या, एवढंच.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्लंडमध्ये दलदली आटवल्या आणि शिकार झाली, तेव्हा मोठा तापस 1886 च्या सुमारास वीण करेनासा झाला. 1911 मध्ये नॉरफोकच्या नळवनात एमा टर्नर या छायाचित्रकार बाईंनी त्याच्या पिलाचा फोटो काढला, तेव्हा कळलं, की तो परतलाय. पुढं पुन्हा घसरण झाली. 1997 मध्ये साऱ्या ब्रिटनमध्ये नर मोजले तर अकरा! तेही डोळ्यांनी मोजलेले नाहीत. विणीच्या काळात नर लांबवर ऐकू जाणारा घुमारा काढतो, त्या आवाजावरून मोजले. त्यानंतर नळवनं ओली राखली, काही नव्यानं केली, आणि पक्षी वाढला. दिसत नाही त्याला ऐकून मोजता येतं, आणि जपताही येतं.

परत येऊ भामरागडला. इथं नवेगावसारखं मोठं तळं नाही. इथली दलदल नदी करते आणि माणसाच्या बांध्या तिला हातभार लावतात. पावसाळा हाच तापसाच्या विणीचा काळ, आणि नेमका तेव्हाच हा भाग बाहेरच्यांना बंद. त्यात 1980 पासून इथं नक्षल चळवळ आणि बंदुका. दुर्बीण गळ्यात घालून नदीकाठी फिरणं इथं सोपं नव्हतं. माडिया माणूस मात्र इथं होताच. त्याच्यासाठी पक्षी म्हणजे पुस्तकातलं चित्र नव्हे. भुकेच्या दिवसांत तो अन्नही होता. हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आमटे यांनी शिकाऱ्यांकडून माकडाचं पिल्लू मागून घेतलं आणि अनाथ प्राण्यांचं घर उभं राहिलं, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्या गोष्टीतला शिकारीही आठवावा. प्राणी कुठं असतो, कधी निघतो, हे त्यालाच ठाऊक होतं.

आणि नातं नुसतं पोटाचं नव्हतं. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात चांद्याकडच्या गोंडांचे देवांच्या संख्येवरून पडणारे गट दिले आहेत. त्यांत कुणाचं कासव, कुणाचा वाघ, कुणाची साळ आणि एका गटाचा सारस. पाणथळीतला पक्षी इथं कुळात बसलेला आहे, मंडळी!

म्हणून भामरागडच्या तापसाचा इतिहास कोरा आहे, असं मी म्हणणार नाही. तो लिहिलेला नाही, एवढंच. रोवणीला वाकलेल्या बाईच्या पायाजवळून जो पक्षी उडाला, ढीवराच्या जाळ्याशेजारी जो उभा होता, त्याची नोंद त्यांच्या बोलण्यात आहे. महसुली कागदावर ती दलदल ‘पडीक’ असेल. ज्याला तिथले आवाज ओळखता येतात, त्याला ती पडीक वाटत नाही.

तेव्हा एक काम. तुमच्या गावात तळं असेल, बोडी असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा : या गवतात कोण राहतं? तुमच्याकडे त्याला काय म्हणतात? सांगतील तो शब्द त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. काठ खरवडायला यंत्र येईल, तेव्हा ‘इथं काहीच नाही’ असं कुणी म्हणालं, तर दाखवायला तेवढं नाव तरी हातात असेल.

भेटू पुढच्या भागात. जोहार!