वैद्यकीय नोंदी व मेडिकल कोडिंगमधील नोकरी : मुलाखतीची तयारी



आपल्या मंडळातील बरीच मुले-मुली पदवीनंतर रुग्णालयांच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात किंवा हैदराबादेतील मेडिकल कोडिंग कंपन्यांत अर्ज करतात. मुलाखतीचे पत्र आले की घरात विचारणा सुरू होते : काय वाचायचे, काय विचारतील? आम्ही बँकेतून निवृत्त झालेले, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे औषधोपचारांतले आम्हाला कळत नाही, पण नोंद चुकली की काय होते हे चांगले कळते. आमच्या स्वतःच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज समरीत उजव्याऐवजी डावा गुडघा लिहिला गेला होता. विमा कंपनीने दावा परत पाठवला आणि एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी त्या रुग्णालयाच्या पाच खेपा घालाव्या लागल्या. ज्या टेबलावर ती चूक सापडायला हवी होती, त्याच टेबलावरची ही नोकरी आहे. मुलाखत घेणारेही हेच पाहतात की या माणसाच्या हाती कागद सोपवता येईल का.

आधी नोकरी कोणती ते समजून घ्या

रुग्णालयातील विभागात केसशीट तपासून लावणे, अपुरे कागद डॉक्टरांकडून पूर्ण करून घेणे, आजारांना संकेतांक देणे, जन्म-मृत्यूची माहिती निबंधकाकडे पाठवणे आणि मागणीनुसार प्रती देणे ही कामे असतात. कोडिंग कंपन्यांत बहुतेक काम अमेरिकेतील रुग्णालयांचे असते. डॉक्टरांची टिपणे वाचून त्यांना संकेतांक द्यायचे आणि त्यावरून तिकडची बिले बनतात. दोन्ही ठिकाणांची तयारी सारखी नाही. जाहिरात पुन्हा वाचा आणि त्याप्रमाणे अभ्यास करा.

संकेतांकांची ओळख

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात २२ प्रकरणे आहेत. सगळे पाठ करण्याची कोणी अपेक्षा करत नाही, पण रचना सांगता यायला हवी. उदाहरणार्थ, आय १० म्हणजे उच्च रक्तदाब, ई ११ म्हणजे टाइप २ मधुमेह, के ३५ म्हणजे तीव्र अपेंडिसायटिस. पडून हाड मोडले तर दोन संकेतांक लागतात, एक दुखापतीचा आणि एक ती कशी झाली याचा. आयसीडी-११ हे नवे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे, हेही ठाऊक असावे.

अमेरिकेच्या कामात १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम वापरतात आणि डॉक्टरांनी केलेल्या प्रक्रियांसाठी सीपीटी. तिथे हमखास येणारा प्रश्न असा : डॉक्टरांनी 'न्यूमोनिया असावा' असे लिहिले आहे, काय कोड कराल? रुग्ण ओपीडीतला असेल तर संशयित आजार कोड करायचा नाही, खोकला-ताप अशी लक्षणे कोड करायची. रुग्ण भरती असेल आणि डिस्चार्जच्या वेळीही तसेच लिहिलेले असेल, तर तो आजार असल्याप्रमाणे कोड करतात. हा फरक सांगता आला तर उमेदवार नियम वाचून आला आहे हे लगेच कळते.

मृत्यूचे प्रमाणपत्र

रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४ भरतात. त्यात तात्कालिक कारण आणि त्यामागचे मूळ कारण क्रमाने लिहायचे असते. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिलेला कागद मुलाखतीत पुढे ठेवला, तर ते कारण नाही, मृत्यू येण्याची रीत आहे, हे सांगा. पण मूळ कारण आपल्या मनाने घालू नका. कागद डॉक्टरांकडे परत पाठवायचा.

नावांचा घोळ

हा प्रश्न आपल्या शहरात महत्त्वाचा आहे. तेलुगू माणूस घराण्याचे नाव आद्याक्षराच्या रूपाने पुढे लिहितो, मराठी माणूस वडिलांचे नाव मध्ये आणि आडनाव शेवटी लिहितो, आणि उर्दू नावांची इंग्रजी स्पेलिंगे तीन-तीन असतात. त्यामुळे एकाच रुग्णाच्या दोन फाइली तयार होतात, किंवा दोघांचे कागद एका फाइलीत जातात. उपाय विचारला तर सांगा : नुसत्या नावावर विसंबायचे नाही, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि फोन ताडून पाहायचा. आता १४ अंकी आभा क्रमांकही आहे. काचिगुडा-सुलतान बाजारात वाढलेल्या मुलांना मराठी, तेलुगू, हिंदी आणि दख्खनी चारही कानाला ओळखीच्या असतात. ही जमेची बाजू आहे, ती सांगायला संकोचू नका.

थोडी आकडेमोड

१०० खाटा, ३० दिवसांचा महिना, रुग्ण-दिवस २४००. खाटांचा वापर किती? २४०० भागिले ३००० गुणिले १००, म्हणजे ८० टक्के. डिस्चार्ज झालेल्या ६०० रुग्णांचे मिळून मुक्कामाचे दिवस २४०० असतील, तर सरासरी मुक्काम ४ दिवस. बी.कॉम.वाल्यांनी इथे गुण सोडू नयेत.

गोपनीयता आणि दुरुस्ती

'तुमच्या शेजारच्या काकूंचा रिपोर्ट त्यांच्या भाच्याने फोनवर विचारला, तर?' आपल्या लोकांत सगळेच ओळखीचे, म्हणून उत्तर पक्के हवे : फोनवर काही सांगायचे नाही. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी अर्ज करावा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी झाल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात. पोलीस केसचे कागद वेगळे, कुलुपात. निव्वळ कुतूहलाने कोणाची फाइल उघडणे हाही गुन्हाच समजा. अमेरिकेच्या कामासाठी १९९६ च्या हिपा कायद्याची माहिती हवी. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे.

कागदावरील चूक दुरुस्त करण्याची रीत बँकेसारखीच आहे. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही. एक रेघ, वर बरोबर मजकूर, सही आणि तारीख. ज्याने नोंद केली त्यानेच दुरुस्ती करायची.

उत्तर येत नसेल तेव्हा

मुले इथेच घसरतात. गप्प बसण्यापेक्षा काहीतरी ठोकून दिलेले बरे, असे त्यांना वाटते. इतर नोकऱ्यांत ते कदाचित खपेल. इथे मात्र अंदाजाने उत्तर देणारा उमेदवार उद्या अंदाजाने संकेतांक देईल, असाच अर्थ घेतला जातो. म्हणून सरळ सांगा : "सर, मला हे नक्की माहीत नाही. कामावर असतो तर मी डॉक्टरांना लेखी विचारले असते आणि उत्तर येईपर्यंत फाइल अपूर्ण म्हणून ठेवली असती." आम्ही बँकेत व्हाउचरशिवाय नोंद करत नव्हतो. इथे डॉक्टरांचे लिखाण हेच व्हाउचर.

मुलाखतीच्या दिवशी

मूळ प्रमाणपत्रे आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे ना, हे आदल्या रात्री पाहा. स्वतःच्याच नावाच्या तीन तऱ्हा घेऊन नोंदींची नोकरी मागायला जाऊ नये. रात्रपाळी असते का आणि प्रशिक्षणकाळात पगार किती, हे अदबीने विचारायला हरकत नाही. नोकरीसाठी कोणी 'डिपॉझिट' मागितले तर घरच्यांना विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पालकांनाही एक विनंती. निकाल काहीही लागो, घरी आल्यावर कोणते प्रश्न विचारले ते मुलांकडून वहीत उतरवून घ्या. पुढच्या मुलाखतीला ती वही उपयोगी पडेल, आणि मंडळातल्या दुसऱ्या कोणाच्या मुलालाही.