आणून देणारा

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की हरवलेल्या वस्तू सापडतात. कणगीखालून नथीचा मोती निघतो, फडताळामागून वडिलांचा चष्मा निघतो आणि वर्षभर ज्याच्यावर डोळा ठेवला तो गडी निर्दोष ठरतो. अशा वेळी घरातली माणसे हसतात, मोती धुऊन डबीत ठेवतात. गड्याची क्षमा मात्र कोणी मागत नाही. या दिवाळीला मला जे सांगायचे आहे ते या न मागितलेल्या क्षमेविषयीच आहे.

मी ताडकळसचा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक लेखक म्हणतात, पण इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार मजजवळ नाही. तरीही हा लेख इतिहासाचा आहे. त्याला कारण झाली एक कापडी पिशवी.

गेल्या सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट. सातवीच्या बेचाळीस मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला म्हणून मी त्या पिशवीत घालून परभणीला मेव्हण्याकडे नेल्या होत्या. तीत माझ्या नव्या कादंबरीची वही होती, दोन वर्षांची मेहनत. आणि सहलीसाठी मुलांनी दहा-वीस करीत जमवलेले चार हजार रुपयेही होते. रविवारी संध्याकाळी एस.टी.ने परत आलो, घरी पोचलो, आणि पाहतो तो पिशवी नाही! धावत स्टँडवर आलो. गाडी केव्हाच पुढे गेली होती. कोणी विचारले, "गुरुजी, शेजारी कोण बसलं होतं?" मी म्हणालो, "मागच्या बाकावर फासेपारध्यांचं एक कुटुंब होतं."

वाचकहो, मी एवढेच म्हणालो. कोणावर आरोप केला नाही. परंतु काही वाक्ये अशी असतात की त्यांचा उरलेला भाग ऐकणारेच पुरा करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली चार पोरे माळावर गेली आणि त्यांनी त्या लोकांची पालं उचकटून पाहिली, असे मला शाळेत कळले. काही सापडले नाही. दुपारपर्यंत पालं हलली होती. "पाहा, पळाले की नाही!" असे म्हणणाऱ्यांत मीही मान हलवली.

पिशवी पुढे परत आली. कशी आली ते शेवटी सांगतो. ती आल्यावर मी एका प्रश्नाने अस्वस्थ झालो. चोरांच्या कथा, दरवडेखोरांचे पोवाडे, पोलिसांची दप्तरे यांनी आपला इतिहास भरलेला आहे. मग दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ती ज्याने मुकाट्याने नेऊन दिली, त्याची नोंद कोठे आहे? हाताशी होती ती पुस्तके मी चाळली. नोंदी थोड्या मिळाल्या. पण ज्या मिळाल्या त्यांत एकच सूर निघाला. तो सूर शाबासकीचा नाही, संशयाचा आहे.

पहिली आठवण कालिदासाची. शाकुंतलातली अंगठी आपल्या सर्वांना ठाऊक आहे; ती ज्याने उजेडात आणली तो कोळी फारसा कोणाला आठवत नाही. सहाव्या अंकाच्या आरंभी तो येतो तो दोन्ही हात मागे बांधलेला. रोहू मासा कापताना त्याच्या पोटात राजाच्या नावाची अंगठी निघाली, असे तो जीव तोडून सांगतो आहे आणि शिपाई त्याला मारीत, त्याच्या धंद्याची टवाळी करीत नेत आहेत. तो ती अंगठी विकायला बाजारात दाखवीत होता, हे खरे. परंतु त्याने ती चोरली नव्हती हेही तितकेच खरे. राजा अंगठी ओळखतो आणि तिच्या किमतीइतके बक्षीस पाठवतो. त्यातले अर्धे तो बिचारा त्याच शिपायांना देऊन टाकतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे जातात. प्रेक्षक हसतात. दुष्यंताची स्मृती परत आली, शकुंतलेचा संसार परत आला, पण त्या कोळ्याचे नाव कवीने सांगितले नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बेवारशी वस्तूचा विचार आहे. राजाने ती तीन वर्षे सांभाळावी; जो मालक म्हणून येईल त्याने वस्तूचे रूप आणि संख्या सांगून ती आपली आहे हे पटवावे; राजाने तिचा सहावा, दहावा किंवा बारावा भाग घ्यावा. पद्धत चोख आहे. त्या श्लोकांत राजाचा वाटा येतो, मालकाची परीक्षा येते, चोराची शिक्षा येते. आणून देणारा मात्र मला तेथे दिसला नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले, गोदाकाठचे, जनाबाईचे गाव. महिपतीने १७६२ साली पुरा केलेल्या 'भक्तविजया'त तिची जी कथा आहे ती लहानपणी आजीकडून ऐकली नाही असे घर इकडे क्वचित. देव रात्री जनीकडे आला आणि जाताना आपले पदक विसरून तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी पदक नाही म्हणून बडव्यांनी शोध सुरू केला. संशय प्रथम कोणावर? दासीवर. पदक तिच्याकडे निघाले, तिला सुळावर देण्याचे ठरले आणि सुळाचे पाणी झाले. कथेतल्या चमत्काराकडे आपण पाहतो. मला आता त्याच्या आधीची घटका दिसते. पंढरीत एवढी माणसे होती, पण झडती झाली ती जनीच्या झोपडीची.

दुसरी कथा बेदरची. अमृतनाक महाराची ही दंतकथा मराठवाड्यात अजून सांगतात. बादशहाच्या घरची स्त्री शत्रूंच्या हाती लागली. तिला शोधून आणायला अमृतनाक निघाला. निघण्यापूर्वी त्याने एक बंद डबी बादशहाच्या स्वाधीन केली. त्याने त्या स्त्रीला सुखरूप आणले. आणि आणल्याबरोबर दरबारात कुजबूज सुरू झाली, की इतके दिवस ही याच्या सोबतीत होती! तेव्हा त्याने ती डबी उघडायला सांगितली. आपल्या निष्कलंकपणाचा पुरावा त्याने स्वतःच्या देहावर शस्त्र चालवून आधीच त्या डबीत ठेवला होता. बादशहाने त्याला बावन्न हक्क दिले, अशी परंपरा आहे. दंतकथा खरी की खोटी हा वाद सोडा. ती रचणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक होती: परत आणून देणाऱ्याला विचारले जाणार, म्हणून त्याने पुरावा निघण्याआधीच तयार ठेवावा.

आणि गंमत अशी, की हरवलेले शोधून देणे हे आपल्या गावगाड्यात याच लोकांचे काम होते. वेसकर, आमच्याकडे येसकर म्हणतात, तो वेशीवर असे. कोण आले, कोण गेले, कोणाचे जनावर कोणाच्या रानात शिरले, हे त्याला ठाऊक असावे लागे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या राखणीची माहिती आहे. चोरी झाली की राखणदार पावलांचा माग काढीत निघे. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की जोखीम तिकडच्या राखणदारावर जाई. तो पुढे निघे. जेथे माग खुंटे त्या गावावर भरपाईचा बोजा येई. काही ठिकाणी हे काम महारांकडे, काही ठिकाणी रामोशी किंवा भिल्लांकडे होते. म्हणजे गावाची मालमत्ता ज्यांच्या डोळ्यांवर आणि पायांवर सुरक्षित राहिली, त्यांना घर गावाबाहेर आणि पाणी पिण्यास वेगळे!

पुढे इंग्रजी कायदा आला. १८७२ सालच्या करार कायद्याचे ७१ वे कलम सांगते, की दुसऱ्याची वस्तू ज्याला सापडते आणि जो ती ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच आहे. किती सरळ! सापडलेली वस्तू ही ठेव, आणि ज्याला ती सापडली तो ठेवदार. परंतु बरोबर एक वर्ष आधी, १८७१ साली, त्याच सरकारने दुसरा कायदा केला होता. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत, असे त्याने ठरवले. आरंभी तो उत्तरेत लागू होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत राहायचे. ज्या रामोशांनी पिढ्यान्‌पिढ्या चोरांचे माग काढले, त्यांचेही नाव अशा जमातींत गेले. एका कायद्याने वस्तू सापडलेल्याला ठेवदार म्हटले आणि दुसऱ्याने त्याला, तो अमक्या घरी जन्मला म्हणून, चोर म्हटले. बाभळीखाली पिशवी सापडलेल्या माणसाला यांपैकी कोणता कायदा आठवेल?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो जुना कायदा गेला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कायदा कागदावरून गेला. स्टँडवरच्या माझ्या वाक्यातून तो गेला नव्हता.

अलीकडची एक गोष्ट सांगून माझ्या पिशवीकडे वळतो. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भारतासह ४० देशांतल्या ३५५ शहरांत त्यांनी सतरा हजारांहून अधिक पाकिटे "सापडली" म्हणून बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेले अशा ठिकाणच्या नोकरांच्या हाती दिली आणि किती जण मालकाला कळवतात ते पाहिले. बिनपैशांच्या पाकिटांपैकी शंभरात सुमारे ४० जणांनी कळवले. पैसे असलेल्यांपैकी ५१ जणांनी. जाणत्यांनाही हे आधी ओळखता आले नव्हते! पैसे जास्त, तेवढी आपण चोर ठरू ही मनाची टोचणी जास्त, असे त्यांनी कारण दिले. वाचून आनंद झाला. माणूस आपण समजतो त्याहून बरा आहे. पण एक विचार मनातून गेला नाही. ती पाकिटे ज्यांच्या हाती पडली ते कचेरीत खुर्चीवर बसलेले लोक होते. "ही तुझ्याकडे कुठून आली?" असे त्यांना कोणी विचारणार नव्हते.

माझी पिशवी घेऊन बुधवारी सकाळी शाळेच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. त्याला मी ओळखले. तो एस.टी.तल्या मागच्या बाकावरचाच होता. सोबत आठ-नऊ वर्षांची नात. पालं हलवून ते दोन गावे पलीकडे उतरले होते. तेथून चालत आले होते.

"गुर्जी, ही तुमचीच ना? लिंबाखाली व्हती. नातीनं कागदावरलं गावाचं न् साळंचं नाव वाचलं."

तेव्हा मला आठवले. गाडीतून उतरल्यावर स्टँडजवळच्या लिंबाच्या पारावर पिशवी ठेवून मी चहा प्यायला गेलो होतो, आणि तसाच घरी गेलो होतो. पिशवी त्या रात्रीच त्यांना सापडली होती.

"मग बाबा, तीन दिवस का लागले?"

"द्यावी कुनाकडं हेच समजंना, गुर्जी. चौकीत न्यावी तर कुठून आनली म्हनून मलाच बसवून ठेवतेल. सकाळच्याला पोरं आली पालं बघाया. तवा ती पोत्यात खाली व्हती. निघाली असती त काय झालं असतं?"

मी काही बोललो नाही. उत्तरपत्रिका पाहिल्या, वही पाहिली, आणि मग, लिहायला लाज वाटते, पण हात आपोआप नोटांकडे गेला आणि थबकला. म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आले.

"मोजा गुर्जी. चार मान्सायदेखत मोजा. म्हंजी आमी सुटलो."

मी दोन शिक्षकांना बोलावले आणि मोजल्या. चार हजार भरल्या. मी त्याला पाचशे रुपये देऊ लागलो, ते त्याने घेतले नाहीत. चहा घेतला. नातीला मी नवी वही दिली, ती तिने लगेच उघडून वासाला नाकाशी धरली. निघताना तो घुटमळला.

"एक काम करा. लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. पिसवी मी आनून दिली म्हनून. तारीख घाला. शिक्का असंल त मारा."

अमृतनाकाची डबी मला त्या क्षणी आठवली नाही; ती नंतर आठवली. त्या वेळी मी टेबलावर बसलो आणि लिहिले, की मौजे ताडकळस येथे अमुक तारखेस अमुक यांनी मला माझी हरवलेली पिशवी, आतील कागद व रोख चार हजार रुपयांसह, जशीच्या तशी आणून दिली. खाली सही केली. म्हाताऱ्याने ती चिठ्ठी नातीकडून वाचून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

मी आजवर पुष्कळ लिहिले. त्यातले कोणाच्या किती उपयोगी पडले, देव जाणे. ती चिठ्ठी मात्र एखाद्या दिवशी एखाद्या चौकीत एका माणसाच्या उपयोगी पडेल. आपल्या इतिहासात ज्या कागदांची मला उणीव भासली, त्यांतला एक कागद माझ्या हातून लिहिला गेला, एवढे समाधान आहे.

पण त्या चिठ्ठीत एक ओळ लिहायची राहिली. दोन शिक्षक समोर उभे होते आणि मला धीर झाला नाही. ती ओळ येथे लिहितो, आणि ज्यांनी त्या संध्याकाळी स्टँडवर माझे बोलणे ऐकले त्यांनी ती अवश्य वाचावी: पिशवी मीच विसरलो होतो, आणि संशय मीच घेतला होता.