पेकिंग, सिंगूर, जामखेड: वस्तीतले आरोग्यशिक्षण

सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी रुग्णालयाच्या वॉर्डात घडत नाही. त्याला शिकायला अख्खी वस्ती लागते, आणि त्या वस्तीच्या आरोग्याची जबाबदारी शिकवणाऱ्या संस्थेनेच उचललेली असावी लागते. हा आग्रह जॉन ग्रँट यांनी धरला. चीनमधल्या निंगबोत १८९० साली जन्मलेले ग्रँट पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. १९२५ मध्ये त्यांनी शहराच्या एका प्रभागात आरोग्य केंद्र उघडले. जन्ममृत्यूच्या नोंदी, देवीची लस, शाळकरी मुलांची तपासणी, परिचारिकांच्या घरभेटी ही केंद्राची रोजची कामे होती आणि विद्यार्थ्यांचा अभ्यासही त्यातूनच होई. त्यांचे विद्यार्थी चेन झिचियन यांनी १९३२ पासून हाच धडा तिंगश्येनच्या खेड्यांत नेला. तेथे डॉक्टर परवडणारा नव्हता, म्हणून गावकऱ्यांनाच लस टोचायला, नोंदी ठेवायला आणि प्रथमोपचार करायला शिकवले गेले. १९३७ च्या जपानी आक्रमणाने ते काम मोडले.

भारतात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ मध्ये सुरू झाली होती. १९३९ मध्ये ग्रँट तिचे संचालक झाले आणि त्याच वर्षी हुगळी जिल्ह्यातील सिंगूरला तिचे ग्रामीण केंद्र उभे राहिले. पदव्युत्तर वर्गात आलेल्या डॉक्टरांची येथे विहिरी, संडास, हिवताप आणि बाळंतपणे यांच्याशी गाठ पडे. या गोष्टी फळ्यावर समजत नाहीत. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात ही दृष्टी स्पष्ट दिसते. ग्रँट त्या समितीचे सदस्य होते. भावी डॉक्टराला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, अशी तिची शिफारस होती.

पुढे वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचे विभाग निघाले, ग्रामीण केंद्रेही जोडली गेली. बऱ्याच ठिकाणी मात्र गावभेट म्हणजे बसने जायचे, प्रश्नावली भरायची आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परतायचे, एवढेच उरले. विद्यार्थ्याला हजेरी मिळाली, गावाच्या हाती काही लागले नाही. सेवाग्रामने वेगळी वाट धरली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात शिबिर करून राहते, आणि विद्यार्थ्यांना ठरावीक कुटुंबे नेमून दिली जातात. सेवेला मुदत आणि माणसे ठरलेली असली की ती टिकते, हे या व्यवस्थेचे बळ.

अमेरिकेत अशा शिक्षणाला ‘सर्व्हिस लर्निंग’ हे नाव १९६० च्या दशकात मिळाले. भारतातल्या अशा कामाचे आणखी एक उदाहरण म्हणजे जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दाम्पत्यही जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकलेले. १९७० मध्ये ते जामखेडला आले आणि त्यांनी गावातल्या बायकांना, त्यांत अनेक निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून तयार केले. पुढे देशोदेशीचे सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी जामखेडला येऊ लागले, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या सेविकाही असतात.