भंजनक्षम द्रव्ये

मंद न्यूट्रॉन शोषला असता ज्यांच्या अणुकेंद्राचे भंजन होते, म्हणजे त्याचे दोन मध्यम वजनाचे तुकडे पडतात, आणि त्या वेळी सुटणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे ज्यांत भंजनाची साखळी चालू राहू शकते, अशा द्रव्यांना भंजनक्षम द्रव्ये म्हणतात. युरेनियम-२३५, युरेनियम-२३३ व प्लुटोनियम-२३९ ही त्यांतील प्रमुख होत. या तिन्हींत न्यूट्रॉनांची संख्या विषम असून शोषलेल्या न्यूट्रॉनाने जोडी पुरी होताना मिळणारी ऊर्जा भंजनास पुरेशी ठरते. युरेनियम-२३८ मध्ये ती अपुरी पडते व त्यासाठी वेगवान न्यूट्रॉन लागतात. एका भंजनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते.

आढळ : निसर्गात वापरण्याजोग्या प्रमाणात केवळ युरेनियम-२३५ आढळते व नैसर्गिक युरेनियमात त्याचे प्रमाण ०.७२ टक्के असते. १९७२ मध्ये गॅबनमधील ओक्लो येथील खनिजात ते किंचित कमी भरल्याचे फ्रेंच शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी तेथे नैसर्गिक साखळी प्रक्रिया घडली होती, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

निर्मिती : अणुभट्टीत युरेनियम-२३८ ने न्यूट्रॉन शोषल्यास प्लुटोनियम-२३९ बनते. थोरियम-२३२ पासून प्रथम प्रोटॅक्टिनियम-२३३ तयार होते व त्याचे, २७ दिवसांच्या अर्धायुष्यकालाने, युरेनियम-२३३ मध्ये रूपांतर होते. त्यासोबत अल्प प्रमाणात युरेनियम-२३२ ही येते आणि त्याच्या क्षयमालेतील थॅलियम-२०८ तीव्र गॅमा किरण उत्सर्जित करीत असल्याने हे इंधन जाड संरक्षक भिंतीआडून हाताळावे लागते.

लष्करी उपयोग : १९४५ मध्ये हिरोशिमावर समृद्ध युरेनियमाचा, तर नागासाकीवर प्लुटोनियमाचा बाँब टाकण्यात आला.

भारतातील कार्य : मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत समृद्ध युरेनियम वापरले होते. तेथेच १९८४ मध्ये ‘पूर्णिमा-२’ ही युरेनियम-२३३ च्या द्रावणावर चालणारी अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९९६ मध्ये कल्पाक्कम येथे त्याच इंधनाची ३० किलोवॉटची ‘कामिनी’ उभी राहिली. हिच्यातील न्यूट्रॉन शलाकांनी वस्तूंच्या अंतर्भागाची छायाचित्रे घेता येतात. थोरियमाचे साठे विपुल असले, तरी थोरियम स्वतः भंजनक्षम नसल्याने त्याला लागणारे पहिले न्यूट्रॉन युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियमाकडूनच मिळवावे लागतात. त्यामुळे तीन टप्प्यांच्या भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाची गती पहिल्या दोन टप्प्यांत भंजनक्षम द्रव्य किती साठते, यावरच ठरते.