गार्नेटची साक्ष : सौसर पट्ट्यातील रूपांतरित खडकांच्या इतिहासाची जुळणी

प्रस्तावना

गिरगावपासून परळ-लालबागपर्यंतच्या भूमीखाली मुख्यत्वे बेसाल्ट हा लाव्हारसापासून बनलेला, सहा ते साडेसहा कोटी वर्षे वयाचा खडक आहे. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या वरळीच्या शेलमध्ये बेडकांचे जीवाश्म सापडले व रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्यांचे वर्णन केले. जेथे जीवाश्म टिकून राहतात तेथे खडकाचा इतिहास सांगण्यास जीवसृष्टीचा पुरावा उपलब्ध होतो. परंतु पर्वतनिर्मितीच्या काळात जे खडक खोल गाडले जाऊन उष्णता व दाब यांनी पालटले, त्यांच्या बाबतीत हा आधार उरत नाही. अशा खडकांचे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण नागपूर-भंडारा भागातील सौसर पट्टा हे होय. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मँगॅनीज मुंबई बंदरातून परदेशी जात असे. व्यापाऱ्यांनी ज्या खडकाकडे माल म्हणून पाहिले, त्याच खडकाचे भूवैज्ञानिकांनी दस्तऐवज म्हणून वाचन कसे केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फर्मर आणि गोंडाइट

लुईस ली फर्मर हे 1902 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. मँगॅनीजच्या वाढत्या मागणीमुळे त्यांच्याकडे या धातुकांच्या अभ्यासाचे काम आले आणि 1909 मध्ये त्यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्पेसर्टाइन हे मँगॅनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकास त्यांनी गोंड जमातीवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. हा खडक मुळात समुद्रतळाशी साचलेला मँगॅनीजयुक्त गाळ होता व पुढे त्याचे रूपांतरण झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. गोंडाइटमधील मँगॅनीज सिलिकेटात बांधलेले असल्यामुळे धातुक म्हणून त्याचे मोल कमी. इतिहासाचे साधन म्हणून मात्र तोच अधिक मोलाचा ठरला.

1913 साली फर्मर यांनी गार्नेट हा भूगर्भीय दाबमापक मानता येईल, असा विचार मांडला. गार्नेटची घनता अधिक असते. तेच घटक इतर खनिजांच्या रूपात असताना जास्त जागा व्यापतात. म्हणून अधिक दाबाखाली गार्नेट बनण्यास अनुकूलता असते, असा हा युक्तिवाद होता. पेंटी एस्कोला यांची खनिज-संलक्षणींची सुप्रसिद्ध मांडणी 1920 मधील आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

रचनेपासून कालमापनापर्यंत

पुढचा टप्पा डब्ल्यू. डी. वेस्ट यांचा. नागपूर जिल्ह्यातील देवलापार परिसरात खडकांचे मोठे पटल दूरवरून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर बसले आहे, असे त्यांनी 1936 मध्ये दाखवले. आल्प्समध्ये आढळणारी ही रचना अतिप्राचीन खडकांतही असू शकते, हे त्यामुळे पुढे आले. आज येथे उंच शिखरे नाहीत. झीज होऊन पर्वताची केवळ मुळे उरली आहेत.

1960 च्या दशकापासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मविश्लेषकामुळे एकाच गार्नेट कणाच्या गाभ्यापासून कडेपर्यंतचे रासायनिक बदल मोजता येऊ लागले. झाडाच्या वर्षवलयांप्रमाणे हे बदल कणाच्या वाढीचा क्रम सांगतात. गाभ्यात अडकलेली खनिजे आधीच्या अवस्थेची साक्ष देतात. मात्र तीव्र उष्णतेत ही नोंद पुसटही होते. त्यामुळे एका कणावर विसंबून चालत नाही. काळ ठरविण्यासाठी मोनाझाइटमधील युरेनियम, थोरियम व शिसे यांचे प्रमाण उपयोगी पडते. अशा अभ्यासांतून सौसर पट्ट्यातील प्रमुख रूपांतरण सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी, भारताच्या उत्तर व दक्षिण भूखंडांच्या टकरीच्या काळात झाले, असे चित्र उभे राहिले आहे. टकरीच्या स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

समारोप

फर्मर यांच्या निरीक्षणांपासून आजच्या कालमापनापर्यंत पुरावा तोच राहिला, त्याला विचारलेले प्रश्न बदलले. म्हणूनच तो पुरावा टिकणे आवश्यक आहे. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींनी खडक उघडे केले. त्याच खाणींत ते नाहीसेही होतात. इतिहासकाराला जळालेल्या दफ्तराची जशी हळहळ वाटते, तशीच नोंद न होता फोडल्या गेलेल्या थराची वाटावयास हवी. मुंबई बंदरातून गेलेले धातुक परत येणार नाही. परंतु उरलेल्या गोंडाइटचे नमुने, सापडल्या जागेच्या अचूक नोंदींसह, महाविद्यालयीन संग्रहांत जतन करणे शक्य आहे. जागेची नोंद नसलेला नमुना हा तारीख नसलेल्या पत्रासारखा असतो.