वऱ्हाडातला ‘ॲव्हरेज’चा हिशेब

लिटरमागे गाडी किती किलोमीटर धावते, त्याला अमरावती-अकोल्याकडे ‘ॲव्हरेज’ म्हणतात. नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारी आधी ‘किती देते?’ असे विचारतो आणि मग रंगाकडे पाहतो. शब्द मोटारीबरोबर आला असला, तरी हा हिशेब वऱ्हाडाला कापसाच्या वाहतुकीने फार आधी शिकवला होता.

रेल्वेपूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला जाई. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा माल कलकत्त्याकडे धाडल्याची नोंद ब्रिटिश गॅझेटियरमध्ये आहे. एवढ्या लांबच्या वाटेवर वैरण हेच इंधन होते. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि बैलांचे काम शेतातून जिनापर्यंत किंवा स्टेशनापर्यंत उरले. बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, खर्च कडबा, कुटार, सरकी आणि ढेप यांत मोजला जाई. आस कोरडा पडला की चाक कुरकुरे आणि बैल लवकर थके, म्हणून बंडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. घर्षण कमी तर खाणे कमी, हे गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नव्हते.

मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वेही कापसासाठीच घातली गेली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत कोळसा आणि पाणी पीत राहिले. त्यानंतर डिझेल इंजिन आले. वेग मात्र फारसा वाढला नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि देशभर कोळशाच्या गॅसवर मोटारी धावू लागल्या. बसच्या मागे लोखंडी भट्टी बसवत. तीत लाकडी कोळसा कमी हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होई. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडत. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी भट्टी पेटवून हाताने पंखा फिरवावा लागे. ताकद इतकी घटे की चढावर थोडे पेट्रोल द्यावे लागे, नाहीतर उतारूंना उतरावे लागे. एका गाडीत ऊर्जेचे दोन स्रोत आणि रस्ता पाहून त्यांची वाटणी, ही कल्पना म्हणजे आजच्या हायब्रीडचा एक काळवंडलेला पूर्वजच.

१९५६ साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि पुढे एसटीची लाल गाडी इथली मुख्य वाहतूक झाली. एसटीत लिटरवर हिशेब होत नाही. तिथे ‘केपीटीएल’ चालतो, म्हणजे दहा लिटर डिझेलमागे किलोमीटर. ४५ केपीटीएल म्हणजे लिटरला साडेचार. आगारात हा आकडा चालकागणिक पाहिला जातो, कारण तीच गाडी आणि तोच रस्ता असूनही पाय बदलला की डिझेल बदलते.

घरगुती पातळीवर ॲव्हरेजचे वेड पसरले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. त्याच्या एक वर्ष आधी आलेली पुण्याची लूना ५० सीसीची होती आणि तिला पायडल होते. पेट्रोल संपले तर पाय मारत घरी जाता येई. दुहेरी शक्तीचे हे स्वस्त वाहन होते. पेट्रोलचा काटा नसलेल्या गाड्यांत टाकीखालचा कॉक ‘रिझर्व्ह’ला फिरवावा लागला की किलोमीटर पाहून ठेवायचे, मोजून एक लिटर टाकायचे आणि पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंत चालवायची. त्याही पुढे स्कूटर आडवी करून उरलेसुरले थेंब कार्ब्युरेटरकडे नेले जात. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे पेट्रोल न जळताच धुरासोबत निघून जाते. १९८५ साली फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० आली आणि तिने ती गळती थांबवून मोटरसायकलचा बाजारच फिरवला.

मोटारीत हेच काम डिझेलने केले. ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, म्हणून गावोगावची काळी-पिवळी डिझेलवर चाले आणि १९९८ च्या इंडिकामुळे डिझेल मध्यमवर्गाच्या दारात आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले व दरातला फरक आटला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बंदच केल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली. २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा या हायब्रीड मोटारी आल्या, त्या या पार्श्वभूमीवर.

हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा यांचा जाहीर आकडा २७.९७ आहे. ४५ लिटरच्या टाकीने त्याला गुणले की साडेबाराशे किलोमीटर होतात आणि ग्राहक तोच आकडा मनात धरतो. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. रोलरवर सुमारे २० मिनिटे गाडी चालवतात, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तिथे एसी बंद ठेवून कोणी प्रवास करत नाही.

हायब्रीड जुना नियमही उलटा करते. साधी मोटार गावात जास्त पिते, हायवेवर कमी. हायब्रीड ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते, म्हणून तिचा फायदा अमरावतीच्या राजकमल चौकातल्या गर्दीत दिसतो. अमरावती-अकोला महामार्गावर, जिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला, किंवा समृद्धी महामार्गावर ताशी १०० च्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो. सगळा भार पेट्रोल इंजिनावर येतो. अशा वाटेवर वीस-बावीस मिळाले तर ती गाडी बिघडलेली नाही.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना मात्र गंमत दिसते. उतार सुमारे सातशे मीटरचा आणि बॅटरी जेमतेम पाऊण युनिट विजेची, त्यामुळे घाट संपण्याआधीच ती भरते आणि पुढची ऊर्जा वायाच जाते. रेल्वे फाटकावर एसी लावून थांबले तरी हीच बॅटरी थोड्या वेळात उतरते आणि इंजिन आपोआप सुरू होते. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते, त्याचाही थोडा फटका बसतो. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी आहे.

पडद्यावरचा आकडा बाजूला ठेवून मोजायचे तर पद्धत जुनीच आहे. अमरावतीच्या एका पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, अकोल्याला जाऊन यावे आणि त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी. जेवढे पेट्रोल मावेल त्याने किलोमीटर भागले की ॲव्हरेज निघते.