माळवदातली चिमणी, कढीपत्त्यावरचा बुलबुल

आमच्या घराचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. सातबारा काढला तर शेत कोणाकडून कोणाकडं आलं ते कळतं. घरात काय घडलं, ते त्यात कुठून असणार? मला ते घरट्यांवरून आठवतं.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. जुनं घर माळवदाचं, तीन खणांचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा. तुळईच्या आणि भिंतीच्या बेचक्यात चिमण्यांची घरटी असायची. जेवताना ताटात काडी पडायची. आजी ती उचलून बाजूला टाकायची आणि म्हणायची, "त्यांचंबी घर हाय बाबा." सुगी झाली की ज्वारीच्या कणसांचा झुबका ती पडवीत टांगायची. तो चिमण्यांचा वाटा.

१९७२ साली मी सात वर्षांचा होतो. पाऊस गेला, पडवीतला झुबकाही गेला. लोक अमेरिकेतून आलेली लाल मिलो खायचे. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. एकदा तिनं त्यातली चिमूटभर पडवीत टाकली. आजी कडाडली, "लेकरं उपाशी आन पाखरांला घालायलीस?" माय काहीच बोलली नाही. मी मात्र चिमण्यांना हुसकावून ती सुकडी वेचून खाल्ली होती. हे मी घरात कधी कोणाला सांगितलं नाही.

पुढं दादा आणि माय ऊसतोडीला जाऊ लागले. दसरा झाला की गाडी जुंपायची आणि पश्चिम महाराष्ट्रातला कारखाना गाठायचा. आम्ही भावंडं आजीजवळ. पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला ते परत यायचे. धाकटी बहीण एका वर्षी मायला ओळखेना, आजीच्या मागं लपली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं नुसती भांडी वाजली, माळवदाची माती अंगावर सांडली. पण तिकडं लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं दगडामातीच्या घरांखाली दबून मेली, हे रेडिओवर ऐकलं आणि गाव अंगणात झोपायला लागलं. जी माती आम्हाला गारवा देत होती, तिचीच भीती बसली. दादांनी माळवद उतरवायचं ठरवलं.

मधल्या खणात चिमणीची पिल्लं होती. माय म्हणाली, "पिल्लं उडूस्तोर तेवढा खण ऱ्हाऊ द्या." दादा चिडले, "तुला पाखरांची पडलीय. लेकरं दबली असती म्हंजी?" दोघंही खरं बोलत होते. शेवटी कडेचे दोन खण आधी उतरवले आणि मधला आठ दिवस तसाच ठेवला. त्या आठ दिवसांत दादा एकदाही त्याखाली बसले नाहीत. पाणी प्यायलासुद्धा आत गेले नाहीत. पिल्लं उडाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तुळई काढली.

वर पत्रे आले, पुढं स्लॅब पडला. सपाट भिंतीला ना बेचका, ना देवळी. शेतात ज्वारी-बाजरीच्या जागी कापूस आला, मग सोयाबीन. टांगायला कणसं राहिली नाहीत. दाणे आणि अळ्या खाणाऱ्या चिमणीला आमच्याकडं ना घर उरलं, ना खाणं. ती कधी गेली ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

२०१६ चा उन्हाळा. धनेगावचं मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यातलं, ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या गावात टँकर यायचा. अंगणातल्या कढीपत्त्याला माय भांडी धुतलेलं पाणी घालायची. मी म्हणालो, "माय, हे पाणी म्हशीच्या आंबोणाला लागतंय. झाड वाळलं तर वाळू दे." ती म्हणाली, "वर बघ आधी."

कढीपत्त्याच्या दुबेळक्यात वाटीएवढं घरटं होतं. बारीक काड्यांचं, कोळ्याच्या जाळ्यानं गुंडाळलेलं. लालबुड्या बुलबुलाचं. आत तीन अंडी, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. झाडाची पानं गळाली असती तर घरटं उघड्यावर पडलं असतं. मग मीच अंघोळीचं पाणी घमेल्यात धरायला लागलो.

दोन आठवड्यांनी पिल्लं निघाली. नर-मादी दोघंही दिवसभर अळ्या आणून चारायचे. त्या रखरखीत रानात त्या कुठून मिळत होत्या, देव जाणे. एका सकाळी दोनच पिल्लं दिसली. मांजर असावं. माय त्या रात्रीपासून बाज झाडाखाली ओढून झोपायला लागली, पंचाहत्तरीत.

एका दुपारी ती घरट्याकडं बघत म्हणाली, "दोघंबी जात्यात, पर घडीभरात माघारी येत्यात. आमाला तेवढंबी जमलं न्हाई."

मला काय बोलावं सुचेना. 'तुमी गेलात म्हणून आमी जगलो', एवढं म्हणायला हवं होतं. मी उठून घमेलं उचललं आणि झाडाला पाणी घातलं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही पिल्लं उडाली. एक उडून तुळशीवृंदावनावर बसलं, मग शेजाऱ्याच्या बाभळीवर. माय टाळ्या वाजवत होती.

आता माय नाही. नळाला पाणी येतं, तरी कढीपत्त्याला मी भांड्याचंच घालतो. वळचणीला एक खोका ठोकलाय आणि वाफाभर बाजरी करतो. पडवीत दरसाल कणसांचा झुबका टांगलेला असतो. परवा त्याखाली रिकामी फोलपटं पडलेली दिसली. कोण येऊन गेलं ते बघायला मी सध्या पहाटे उठतो.